डब्ल्यूडीजी-४ : ब्रागांझा घाटातलं गाणारं इंजिन

सांधाबदल | रविवार, रात्री १०:१४

गेल्या महिन्यात गोव्यात, ब्रागांझा घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याला एका लग्नाला गेलो होतो. मुहूर्त दुपारचा आणि स्टेशन मांडवापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणजे पुढचं सांगायला नको. बायकोला "एक फोन करून येतो" सांगून सटकलो, तो तासभर फलाटाच्या टोकाला उभा. मुरगावहून आलेला कोळशाचा भरलेला रेक (जोडलेल्या वाघिणींची माळ) उभा होता. पुढे दोन इंजिनं होती, मागे तीन बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी इंजिनं, लावणं चाललं होतं. पाचही डब्ल्यूडीजी-४. गाडी सुटली तेव्हा डिझेलची घरघर होतीच, पण तिच्यावर एक बारीक सूर ऐकू आला. ऊंऽऽऽ करत वर चढणारा, मध्येच पट्टी बदलणारा, जणू आत कुणी पेटी घेऊन बसलंय. मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. तो सूर कशाचा, हे शेवटी विचारतो. आधी या इंजिनाची कुळकथा सांगतो, कारण ती रंजक आहे आणि मराठीत कुणी नीट लिहिलेली माझ्या तरी वाचनात नाही.

गोष्ट १९६२ च्या आसपास सुरू होते. वाफेची इंजिनं हळूहळू काढायची होती आणि रेल्वेने दोन अमेरिकी कंपन्यांची डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनं आणली. एक आल्कोचं, डीएल-५६०. तेच आपलं डब्ल्यूडीएम-२, २६०० अश्वशक्तीचं. दुसरं जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचं, त्याला नाव मिळालं डब्ल्यूडीएम-४. ही ७२ आली. चालायला दुसरं काही कमी नव्हतं. १९६९ मध्ये हावडा-दिल्ली पहिली राजधानी सुरू झाली ती डब्ल्यूडीएम-४ नेच ओढली. पण इंजिन विकणं वेगळं आणि ते कसं बनवायचं हे शिकवणं वेगळं. आल्को शिकवायला तयार झाली, ईएमडी झाली नाही. वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडलं. गंमत अशी की १९६९ मध्ये आल्कोने अमेरिकेत इंजिनं बनवणंच बंद केलं. इकडे वाराणसीत मात्र तीच रेघ पुढे कित्येक वर्षं ओढली जात होती. माहेर मोडलं, पण तिथून आलेली भांडी सासरी रोज चुलीवर.

ऐंशीच्या दशकात बॉक्सएन या उघड्या, मोठ्या वाघिणी आल्या. भरलेली एक वाघीण ८१ टनांच्या वर, अशा ५८ जोडल्या की ४७०० टनांची गाडी होते. एकट्या डब्ल्यूडीएम-२ च्या बसची ती गोष्ट नाही. वाराणसीने आल्कोचं इंजिन ताणून ताणून ३१०० अश्वशक्तीपर्यंत नेलं, खाली नव्या बोगी दिल्या, वजन १२३ टनांवर नेलं आणि १९९५ मध्ये खास मालगाडीसाठी डब्ल्यूडीजी-२ आणलं. पुढे त्याचंच नाव डब्ल्यूडीजी-३ए झालं. आपल्याकडे पुणे-मिरज, दौंड-मनमाड मार्गांवर ज्यांनी डिझेल मालगाड्या पाहिल्यात त्यांनी हे पाहिलंच आहे.

आणि त्याच १९९५ साली जनरल मोटर्सशी करार झाला. या वेळी तंत्रज्ञानासकट! तीस-बत्तीस वर्षांपूर्वी जे नाही म्हणाले होते तेच नकाशे घेऊन दारात. त्यांच्या जीटी४६मॅक या नमुन्याची २१ इंजिनं ठरली, काही तयार, बाकीची सुट्या भागांत. १९९९ मध्ये पहिली आली आणि त्यांचं घर झालं हुबळी. २००२ पासून वाराणसीत बनायला लागली आणि एकूण संख्या हजाराच्या पार गेली.

आकडे थोडक्यात: १६ सिलिंडरचं ७१० इंजिन (७१० म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान घनइंचांत), दोन-स्ट्रोक, ४००० अश्वशक्ती, पुढे ४५००. वजन १२६ टन. सुटतानाची ओढ ५३ टन.

माझ्या मते यातला ४००० हा आकडा फसवा आहे. सगळे त्याचंच कौतुक करतात. खरी मजा त्या ५३ मध्ये आहे. डब्ल्यूडीएम-२ ची ओढ ३० टनांच्या आसपास, डब्ल्यूडीजी-३ए ची ३८. वजन फारसं न वाढता ओढ इतकी वाढली कशी? ताकद वाढली म्हणून नव्हे, पकड वाढली म्हणून. जाणकारांनी यावर लिहावं, मी इलेक्ट्रिकलचा नाही.

आणि तो सूर कशाचा?

---

कोरी_पाटी | रविवार, रात्री १०:५२

मस्त लेख. एक भोळा प्रश्न: डब्ल्यूडीजी, डब्ल्यूडीएम वगैरे काय असतं? आणि डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे दोन्हीवर चालणारं का?

---

सांधाबदल | रविवार, रात्री ११:०५

@कोरी_पाटी, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल. तिसरं अक्षर कामाचं: जी मालगाडी, पी प्रवासी, एम दोन्ही. मीटरगेज असेल तर सुरुवातीला वाय.

पुढचा आकडा हजार अश्वशक्तीचा आणि शेवटचं अक्षर शेकड्याचं. ए म्हणजे १००, बी म्हणजे २००. म्हणून ३ए = ३१००. पण हा नियम नंतरचा. डब्ल्यूडीएम-२ मधला २ हा नुसता अनुक्रमांक होता. आणि नियम केल्यावरही रेल्वेने तो मनाला येईल तिथे मोडलाय. डब्ल्यूडीजी-४डी मधला डी ४०० चा नाही, दोन्ही टोकांना केबिन आहे याचा.

दोन्हीवर चालत नाही. डिझेल इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं. ते वीज तयार करतं आणि चाकं फिरवतात मोटारी. चालतंबोलतं वीजघर म्हणा.

---

आल्कोवेडा | सोमवार, सकाळी ७:३०

लेख चांगला आहे, पण आल्कोला तुम्ही एका परिच्छेदात गुंडाळलंत याचा निषेध!

ईएमडीला आवाज आहे का? गिरणीत उभं राहिल्यासारखं सलग घूंऽऽ. आल्कोचं इंजिन चार-स्ट्रोक. रिकामं उभं असताना मिनिटाला ४०० फेरे, एकेक ठोका मोजून घ्या. लहानपणी आजोळी रात्री अंथरुणात पडून मी सांगायचो, आता गाडी सुटली, आता तिसरी नॉच (ताकद वाढवायच्या हँडलची पायरी), आता पाचवी. आणि तो काळा धूर! सुटताना जो लोट उठायचा तो अर्ध्या गावाला दिसायचा.

(हो, माहितीये धूर वाईट असतो. भावना समजून घ्या.)

---

तीन_फेज | सोमवार, सकाळी ९:१०

@आल्कोवेडा, त्या धुराचं कारण सांगतो, मग प्रेम कमी होतं का बघा. आल्कोत टर्बोचार्जर फिरतो तो फक्त धुराड्याच्या वायूवर. चालकाने नॉच वाढवली की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बो वेग घ्यायला वेळ लावतो, तोवर हवा पुरत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल म्हणजे तुमचा लोट. ईएमडीत हलक्या भाराला टर्बो गिअरने थेट इंजिनावर फिरतो आणि वायूचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटून मोकळा होतो. म्हणून धूर कमी.

सुराबद्दल आणि पकडीबद्दल रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

---

आल्कोवेडा | सोमवार, सकाळी ९:१४

नाही झालं कमी.

---

निवृत्त_चालक | सोमवार, दुपारी ३:४०

मी सहसा वाचनमात्र असतो, पण पकडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

सहायक म्हणून लागलो तेव्हा आमच्याकडे सगळी डब्ल्यूडीएम-२. पुणे-मिरज मार्गावर शिंदवण्याचा घाट आहे. पुण्याहून जाताना आळंदी स्टेशन सुटलं की चढ आणि वळणं सुरू. जून उलटलेला, खताचा भरलेला रेक, एकच इंजिन. पहिला पाऊस जोराचा पडला तर बरं, रूळ धुऊन निघतो. खरा बेजार करतो तो भुरभुर पाऊस. रुळावर आधीच तेल-ग्रीस-धुळीचा थर असतो, त्यात थेंबभर पाणी पडलं की साबण लावल्यासारखा रूळ होतो. चढावर मधोमध चाकं घसरायला लागली. ड्रायव्हर साहेबांनी नॉच उतरवली, वाळू सोडली. वाळूचं बटण दाबलं की चाकापुढे नळीतून वाळू पडते. पडलीच नाही. शेडमधून निघताना हॉपर भरलेला होता, पण वाळू ओली भरली होती, नळीत गोळा होऊन बसलेली. कुणी भरली ते सांगून आता उपयोग नाही.

साहेब म्हणाले, "उतर खाली." मी टॉर्च घेऊन उतरलो. रुळाशेजारची बारीक खडी आणि कोरडी माती मुठीत घेऊन दोन्ही रुळांवर टाकत पुढे चालायचं, मागून इंजिन माणसाच्या चालीने येणार. चाकाखाली खडी फुटायचा आवाज कडकड येतो. थांबलो की घसरलं. असं चारशे-पाचशे मीटर. अंगात रेनकोट आणि आत घामाने भिजलेला. घाटमाथ्यावर आलो तेव्हा तळहात सोलले होते. साहेबांनी थर्मासातला चहा आधी मला दिला, एवढं आठवतंय.

डब्ल्यूडीजी-३ए आलं तेव्हा पुष्कळ फरक पडला. तरी घसरलं की करायचं काय, तर नॉच उतरवा, चाक पकडू द्या, परत चढवा. त्यात गाडीचा वेग मरतो. चढावर मेलेला वेग परत येत नाही.

ईएमडीवर मी नोकरीच्या उत्तरार्धात आलो. ट्रेनिंगला शिकवणाऱ्यांनी सांगितलं, घसरतंय असं वाटलं तरी हात लावू नका, कॉम्प्युटर बघून घेईल. बत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप हँडलकडे जायचा. पहिल्यांदा भरलेला रेक चढावर त्याच्याकडे सोपवला तेव्हा अंगावर काटा आला होता. वेग ताशी दहा-बारा, चाकं रुळावर कुरकुर करतायत, मीटर हलतोय, आणि गाडी थांबत नाही. बैल दलदलीतून गाडा काढतो तशी एकेक पाऊल चालत राहिली. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

एक तक्रार मात्र आहे. सुरुवातीच्या डब्ल्यूडीजी-४ ला एकच केबिन. लांब हूड पुढे असलं की समोर वीस-बावीस पावलांचा लोखंडी डबा आणि त्याच्या कडेने सिग्नल बघायचा. वळण उलट्या बाजूचं असलं की माझ्या बाजूने काहीच दिसायचं नाही, सहायक ओरडून सांगणार तेच खरं. दोन केबिनवालं यायला फार उशीर केला.

---

कोरी_पाटी | सोमवार, दुपारी ४:०२

काका, दंडवत. हे वेगळा धागा काढून लिहा ना.

---

घोरपडीकर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

+१. शिंदवण्याचा उल्लेख वाचून बरं वाटलं. बाहेरच्यांना घाट म्हटलं की खंडाळा आणि कसारा, पण ते दोन्ही आधीपासून विजेवर. आपल्या बाजूचे खरे डिझेलचे चढ होते ते शिंदवणे आणि पुढे आदर्कीकडचे.

---

तीन_फेज | सोमवार, रात्री ९:४५

चला, वचन पाळतो. काकांनी जे मांडीवर हात ठेवून पाहिलं त्याचं आतलं सांगतो.

आधी साधं गणित. ओढ भागिले वजन.
डब्ल्यूडीएम-२: ३०.५ / ११२.८ = २७ टक्के.
डब्ल्यूडीजी-३ए: ३७.९ / १२३ = ३१ टक्के.
डब्ल्यूडीजी-४: ५३ / १२६ = ४२ टक्के.

म्हणजे इंजिनाच्या वजनाचा किती हिस्सा ओढीत बदलता येतो. पोलादी चाक आणि पोलादी रूळ, वर काकांनी सांगितलेला तो थर. चाळीसच्या वर टिकून राहणं म्हणजे धुतलेल्या फरशीवर मोज्यांनी उभं राहून कपाट ढकलण्यासारखं आहे.

डब्ल्यूडीएम-२ मध्ये जनरेटरही डीसी, मोटारीही डीसी. डब्ल्यूडीजी-३ए मध्ये एसी वीज देणारा अल्टरनेटर, मग तिची डीसी करणारा रेक्टिफायर, पण मोटारी डीसीच. डीसी मोटारीची खोड अशी की चाक सुटलं, भार उतरला, की ती वेडीवाकडी पळत सुटते. घसरलेलं चाक आणखी जोरात घसरतं. म्हणून नॉच उतरवावी लागते. डब्ल्यूडीजी-४ मध्ये अल्टरनेटरची वीज डीसी करून इन्व्हर्टरने पुन्हा तीन फेजची एसी करतात, पण हव्या त्या वारंवारतेची. एसी मोटार त्या वारंवारतेला बांधलेली असते. चाक सुटलं तरी तिच्यापलीकडे पळू शकत नाही. पट्ट्याला बांधलेला कुत्रा म्हणा. पट्टा ताणेल, पण रस्त्यावर धावणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त सुंदर आहे. चाक जराही न घसरता फिरलं तर पकड सगळ्यात जास्त, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. गाडीच्या वेगापेक्षा किंचित जास्त, अगदी थोड्या टक्क्यांनी चाक फिरलं तर पकड वाढते, कारण ते रुळावरचा थर खरवडून स्वतःसाठी जागा साफ करतं. डब्ल्यूडीजी-४ गाडीचा खरा वेग रडारने मोजतं आणि चाकं मुद्दाम तेवढीच घसरू देतं. काका, तुम्ही ऐकलेली कुरकुर ती हीच. तुम्ही मुठीने खडी टाकत जे करत होतात, ते हे इंजिन स्वतःच्या चाकाने करतं.

तिसरी गोष्ट, डीसी मोटारीला ब्रश आणि कम्युटेटर असतात. कमी वेगात जास्त करंट थोडा वेळच चालतो, नाहीतर मोटार जळते. चालकाला मिनिटं मोजावी लागायची. एसी मोटारीत ती भानगड नाही. अर्थात ५३ टन ही सुटतानाची ओढ, दिवसभर देत राहायची ४० च्या आसपास.

आता ब्रागांझा घाट. कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ ला १. रेक ४७०० टन आणि पाच इंजिनं ६३० टन, मिळून ५३३०. भागिले ३७ म्हणजे १४४ टन ओढ नुसती पृथ्वीशी भांडण्यात जाते. वर टनामागे दोन-तीन किलो घर्षण, वळणांचं वेगळं. धरा १६० च्या पुढे. पाच डब्ल्यूडीजी-४ सतत २०० टन देतात, बसतंय. हाच हिशेब पाच डब्ल्यूडीएम-२ लावून करा: सुटतानाचे १५२ टन. जागची हलायची नाही गाडी.

मग पाचही पुढेच का नाहीत? कारण सगळी ओढ पहिल्या वाघिणीच्या कपलिंगवर येईल आणि ते तुटेल. मागून ढकललं की मधलं कुठलंच कपलिंग पूर्ण भार घेत नाही.

राहिला सूर. तो मोटारी आणि इन्व्हर्टर मिळून काढतात. सुरुवातीच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये सीमेन्सचे इन्व्हर्टर होते, जीटीओ जातीचे थायरिस्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, असलेले. ते सेकंदाला काहीशे वेळाच चालू-बंद होऊ शकतात, आणि तेवढी वारंवारता आपल्या कानाला स्वच्छ ऐकू येते. वेग वाढला की चालू-बंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने बदलते, तुम्ही म्हणता ती पट्टी बदलणं ते. नंतरच्या इंजिनांत आयजीबीटी या नव्या जातीचे स्विच आले, त्यांची वारंवारता जास्त. सूर बदलला, बराचसा गेलाच. म्हणजे तुम्ही जुनं इंजिन ऐकलंत. क्रमांक बघितला होता का?

---

सांधाबदल | सोमवार, रात्री १०:१०

कमाल. वाचनखूण साठवली.

क्रमांक लक्षात नाही, फोटो शोधतो. फोटोंत अर्धे वऱ्हाडी आहेत.

---

ओमाहाकर | मंगळवार, पहाटे ४:५५

नेब्रास्कातून रामराम. वरचं गणित वाचून राहवलं नाही.

तुमच्या जीटी४६मॅकचा थोरला भाऊ इकडे एसडी७०मॅक. १९९३ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न रेल्वेने त्याची ३५० इंजिनं एकदम मागवली. कारण कोळसाच. वायोमिंगच्या पावडर नदीच्या खोऱ्यातून शंभराहून जास्त डब्यांच्या गाड्या निघतात, आणि तिथे पाच एसडी४०-२ लागायची त्या गाडीला तीन एसडी७०मॅक पुरली. इन्व्हर्टर त्यातही सीमेन्सचेच. हा पाचाला तीन हिशेब जमला नसता तर एवढं महागडं एसी तंत्र कुणी घेतलंच नसतं, आणि मग हुबळीपर्यंत तरी कुठून पोचलं असतं?

हिरव्या-साय रंगातली ती इंजिनं मी आलो तेव्हा बरीच दिसायची. घराजवळ फाटक आहे. हिवाळ्यात रात्री खिडकी बंद असली तरी तो ऊंऽऽ ऐकू यायचा. नवीन इंजिनं तसं गात नाहीत. मी हुबळीत कधी गेलेलो नाही, पण लेखातलं वर्णन वाचून आवाज ओळखला.

---

फोंडेकार | मंगळवार, सकाळी १०:२५

कुळ्याचं नाव काढलंत म्हणून गोव्याच्या बाजूने थोडं.

ही लाइन १८८८ ची, पोर्तुगीज अमलातली, मीटरगेज. आमच्या लहानपणीही मीटरगेजच होती. नव्वदीच्या दशकात ब्रॉडगेज झाली आणि थोड्याच वर्षांत ही ईएमडी इंजिनं आली. योग चांगला जुळला. करंझोळ, दूधसागर, सोनालीम ही मधली स्टेशनं म्हणजे जंगलात टेकलेली खोपटी. पावसात तिथे वर्षाला किती पाणी पडतं ते तिथल्या शेवाळाला विचारा.

एक गैरसमज बऱ्याच लोकांचा असतो की घाटातून गोव्याचं लोहखनिज जायचं. गोव्याचं खनिज मुख्यतः मांडवी-झुआरीतून बार्जने मुरगावला जायचं. घाट उतरून यायचं ते कर्नाटकाचं, होस्पेट-बळ्ळारीकडचं. म्हणजे तेव्हा खाली येणारी गाडी भरलेली असायची, आणि काळजी चढायची नव्हती, उतरायची होती. २०१० मध्ये कर्नाटकाने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ते बंद पडलं. कोळसा मात्र उलट्या दिशेने, मुरगाव बंदरातून वर तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे. भार आता चढतो. बँकर तेव्हाही होते, पण त्यांचं काम बदललं.

आणि हेही लिहायला हवं, तुमच्या कौतुकात मिठाचा खडा म्हणून. तो कोळसा वास्कोतल्या लोकांच्या खिडक्यांवर बसतो. दुपदरीकरणाविरुद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळावर बसले होते. त्यात माझे नातेवाईकही होते. इंजिन मलाही आवडतं. पण त्याच्या मागच्या ५८ वाघिणी दिसल्या की घरात दोन तट पडतात.

---

निवृत्त_चालक | मंगळवार, दुपारी १२:३०

@फोंडेकार, उतरायची काळजी हे अगदी बरोबर बोललात. चढताना फार तर गाडी उभी राहते. उतरताना उभी राहत नाही, तो प्रश्न.

डायनॅमिक ब्रेक म्हणजे मोटारींनाच जनरेटर करून चाकं रोखायची आणि ती वीज छपराखालच्या जाळीत जाळून टाकायची. आल्कोत हा ब्रेक वेग कमी झाला की ढिला पडायचा, शेवटी हवेच्या ब्रेकवरच भिस्त. ईएमडीत जवळजवळ थांबेपर्यंत धरून ठेवतो. ज्याने पावसाळ्यात घाट उतरलाय त्याला विचारा हे केवढं सुख आहे. ब्रेकचे ठोकळे तापल्याचा वास नाकात बसला की घरी जाऊन आंघोळ केली तरी जात नाही.

---

घोरपडीकर | मंगळवार, संध्याकाळी ७:००

आता उत्तरकांड कुणीतरी लिहा. ४५०० च्या पुढे काय झालं? मध्यंतरी 'भीम' नावाचं एक आलं होतं ना?

---

सांधाबदल | मंगळवार, रात्री ९:३०

हो, डब्ल्यूडीजी-५, २०१२ चं. त्याच ७१० घराण्यातलं, पण २० सिलिंडरचं, ५५०० अश्वशक्ती. हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच बनली. नाव भीम, पण वनवास लवकर सुरू झाला.

२०१५ मध्ये रेल्वेने जनरल इलेक्ट्रिकशी (जीई) १००० इंजिनांचा करार केला. बिहारात मढौऱ्याला कारखाना, ७०० इंजिनं ४५०० ची, ३०० इंजिनं ६००० ची. पहिली २०१७ मध्ये आली. यांतल्या ४५०० वाल्यांना नाव दिलं डब्ल्यूडीजी-४जी. नावावरून पुष्कळ लोक यांना डब्ल्यूडीजी-४ चा प्रकार समजतात, पण दोघांचं रक्ताचं नातं शून्य. १२ सिलिंडर, चार-स्ट्रोक, सगळंच वेगळं. नाव ठेवणाऱ्याने आडनाव बघून पंगतीला बसवलं.

दैवाचा खेळ असा की ज्या वर्षांत हा करार अमलात येत होता त्याच वर्षांत रेल्वे सगळा मार्ग विजेवर न्यायच्या मागे लागली. कोकण रेल्वेसुद्धा २०२२ मध्ये पूर्ण विजेवर गेली. डिझेलला मोकळं रान उरलं नाही.

---

आल्कोवेडा | मंगळवार, रात्री ९:५०

आणि वाराणसीने तर हद्द केली. दोन डब्ल्यूडीजी-३ए उचलली, डिझेल इंजिनं काढून टाकली, वर पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारे सांगाडे) बसवले आणि दोघांना पाठीला पाठ जोडून १०,००० अश्वशक्तीचं विजेचं इंजिन केलं. डब्ल्यूएजीसी-३. ६९ दिवसांत! फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी झेंडा दाखवला.

कौशल्य आहे, मान्य. पण मला तो फोटो बघवत नाही. बाहेरून ओळखीचा चेहरा आणि आत ठोकाच नाही.

आता कारखान्याचं नावही बदललं, २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स. नावातलं डिझेल गेलं.

---

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री १०:०५

दोन दिवसांपूर्वी मला डब्ल्यू म्हणजे काय माहीत नव्हतं, आणि आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटतंय. काय लोक आहात तुम्ही.

सांधाबदल, ते रेकॉर्डिंग टाका की.

---

सांधाबदल | बुधवार, रात्री ८:४०

टाकलंय, दुवा वर लेखात जोडला. दोन मिनिटं अकरा सेकंद. सुरुवातीला सनईचा आवाज आहे तो मांडवातला, घाबरू नका.

फोटोही सापडले. पुढच्या दोघांतल्या पहिल्याचा क्रमांक १२० ने सुरू होतो, शेवटचे दोन आकडे नवरदेवाच्या मामांच्या फेट्याआड गेलेत. म्हणजे अगदी पहिल्या शंभरातलं. @तीन_फेज, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

---

निवृत्त_चालक | गुरुवार, सकाळी ६:१५

ऐकलं. हेडफोन लावून तीनदा ऐकलं.

सुटण्याआधी पुढच्याने शिट्टी दिली, मागून बँकरची उत्तराची शिट्टी आली, ती वाऱ्यामुळे बारीक येते, नीट कान द्या. मग पुढच्याने पहिली-दुसरी नॉच घेऊन कपलिंगा ताणून घेतल्या, तो खडखड आवाज पुढून मागे जातो. तिथे तो थांबलाय. साधारण चार-पाच सेकंद काहीच करत नाही. घाई करणारा असता तर धक्का बसला असता. मागच्यांनी ढकलायला घेतल्यावर मगच त्याने पुढची नॉच घेतली. हात चांगला आहे, कोण असेल ते असो.

मागच्या तिघांपैकी एक जरा उशिरा उठलंय. एक मिनिट वीस सेकंदाला ऐका.

---

सांधाबदल | गुरुवार, सकाळी ८:०२

ऐकलं. खरंच की! मला ते आतापर्यंत पंगतीतल्या भांड्यांचं वाटत होतं.